उजव्या कानातलं

"चार्जिंगची डबी न्हाई संगं?" धोंडीरामने विचारलं.

"नाही. ती फुटली. पोलिसांनी बॅग परत दिली तेव्हा आत नुसते तुकडे होते," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला. खिशातून एक मोबाइल काढून त्याने फळीवर ठेवला. त्याची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती. "हा मात्र चालतो. कमाल आहे, नाही?"

धोंडीरामला त्यात कमाल वाटली नाही. गेले तेवीस दिवस त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवायच्या वेळी तो जेवत होता, ड्यूटीच्या वेळी ड्यूटी करत होता. त्याच्या खोलीत राहणाऱ्या हरियाणवी वेल्डरने एकदा कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग वेल्डरनेही विषय सोडून दिला.

धोंडीराम पाटोळे मूळचा साताऱ्याच्या माण तालुक्यातला. सतरा वर्षं फौजेत काढून नाईक म्हणून निवृत्त झालेला आणि नंतरची अकरा वर्षं दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या या कारखान्याच्या फाटकावर उभा असलेला. आत गाड्यांचे सुटे भाग बनतात. कुठल्या गाडीचा कुठला भाग, हे त्याने कधी विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एकही चूक नव्हती. पराक्रमही नव्हता म्हणा. अशा माणसाचा सत्कार कुणी करत नाही, पण त्याने लावलेलं कुलूप दुसरा कुणी ओढून बघत नाही, आणि धोंडीरामला तेवढं पुरत होतं.

कंपनीच्या बसमध्ये विसरलेल्या वस्तू त्याच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये जमा व्हायच्या. टिफिन, मफलर, आणि अलीकडे कानात घालायची ती बिनवायरची बोंडं. पोरं एकमेकांची बोंडं आपलीच म्हणून न्यायला लागली, तेव्हा धोंडीरामने स्वतःच एक नियम काढला. डबी लागत नाही, जोडीचं दुसरं लागत नाही. सापडलेलं एकटं बोंड बोटाने पाच सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकला की ज्याच्या फोनला ते आपणहून जुळेल, त्याचं. मॅनेजरसाहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याला शाबासकी दिली होती. गावी बायकोला, प्रभावतीला, फोन करून त्याने ते सांगितलं होतं, आणि तिला त्यातलं काही कळलं नव्हतं.

"मी आठल्ये. सुधन्वा आठल्ये," तो माणूस म्हणाला. "दिल्लीहून, लक्ष्मीबाई नगरमधून आलोय. क्षिप्राचा बाबा."

धोंडीराम उभा राहिला.

"बसा, बसा. तिने सांगितलं होतं घरी. गेटवर एक सातारचे काका आहेत, माझं नाव बिल्कुल बरोबर घेतात म्हणून. बाकी सगळे शिप्रा म्हणायचे ना तिला इथे." सरकारी कचेरीत तीस वर्षं टिपणं लिहिल्यामुळे असेल, आठल्ये प्रत्येक वाक्य पुरं करूनच पुढचं सुरू करत होते. "परवा तुमचे ड्रायव्हर, सतबीर, भेटायला आले होते. ते म्हणाले, त्या दिवशी बसमध्ये एक इयरबड सापडला होता आणि मी तो गेटवर दिला. तो तिचा असेल तर मला हवाय. म्हणजे, वस्तू म्हणून नको आहे."

"मग?"

"शुभदाने, माझ्या मिसेसने, ते दिवाळीत घेऊन दिले होते तिला. आता जो येतो तो म्हणतो, कानात घातलं होतं म्हणून टँकरचा हॉर्न ऐकू आला नाही. चौकीवरही तेच लिहिलंय. एक इयरबड होताच तिच्या कानात. शुभदा तेवीस दिवसांत एकदाच बोलली. म्हणाली, मी घेऊन दिले नसते तर. त्यानंतर तिने तोंडच उघडलेलं नाही, चहा हवा का विचारलं तरी नाही." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "दुसरा बसमध्येच राहिला असेल, तर तिचा एक कान उघडा होता. एवढंच मला घरी जाऊन सांगायचंय. तुझी चूक नाही, इतकंच."

धोंडीरामने रजिस्टर पुढे ओढलं. नोंद त्याच्याच अक्षरात होती. बस नंबर चार, कान का पीस, एक नग. मालिक, पता नहीं.

त्याला चांगलं पता होतं. त्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की फाटकातून समोरचं चहाचं खोकं दिसत नव्हतं. बस आली, माणसं आत गेली, आणि क्षिप्रा आत न जाता रोजच्यासारखी चहा प्यायला रस्त्यापलीकडे निघाली. कँटीनचा चहा तिला चालत नसे. तेवढ्यात सतबीर बोंड घेऊन आला. "ताऊ, दूसरी सीट पे पड़ा था." ती सीट क्षिप्राची. धोंडीरामने वर पाहिलं तर तिचं निळं जाकीट रस्त्याच्या मधोमध होतं. वस्तू जिची तिला लगेच द्यावी, शिफ्ट संपेपर्यंत पोरगी शोधत बसेल, असं त्याच्या मनात आलं. दुसरी कुणी असती तर त्याने 'मॅडमजी' म्हणून आरोळी दिली असती, आणि मानेसरच्या रस्त्यावर मॅडमजी म्हटल्यावर कुणीही मागे बघत नाही. पण ही क्षिप्रा होती. त्याने तिला घरच्यासारखी हाक मारली.

पोलिसांनी जबाब घेताना विचारलं, टँकरचा वेग किती होता. त्याने सांगितलं. लाइट लागले होते का. त्याने सांगितलं. तुम्ही हाक मारली होती का, असं कुणी विचारलं नाही, म्हणून तेही त्याने सांगितलं नाही.

"नियम आहे साहेब," तो म्हणाला. "फोनला जुळलं तरच देता येतं."

हे बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली. ज्याची मुलगी गेली त्याला नियम सांगायचा नसतो. पण ते जुळू नये असं त्याला वाटत होतं. तेवीस दिवस ड्रॉवरमध्ये पडलेलं, डबीवाचून चार्ज न झालेलं, मेलं असेल. मेलं असेल तर हा माणूस उठून जाईल आणि विषय मिटेल.

"बरोबर आहे," आठल्ये म्हणाले. नियम म्हटल्यावर त्यांना उलट बरंच वाटलेलं दिसलं. त्यांनी क्षिप्राचा फोन उघडला. "पिन शुभदाने एका चिठ्ठीवर लिहून दिला. बोलली नाही. ब्लूटूथ इथेच असतं ना?"

"व्हय. चालू करून ठिवा."

धोंडीरामने ड्रॉवरमधून बोंड काढलं. त्यावर बारीक 'आर' होता. त्याने ते चिमटीत धरलं आणि अंगठ्याने दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. काही झालं नाही. त्याने बोट काढलं.

"पुन्हा एकदा बघता का?" आठल्ये म्हणाले. "थंडीत असं होतं कधीकधी."

त्याने पुन्हा दाबलं. या वेळी पाचापर्यंत मोजल्यावरही बोट काढलं नाही. सात झाले, आठ झाले, आणि पांढरा दिवा लुकलुकला. फोन थरथरला. तडकलेल्या काचेवर देवनागरीत अक्षरं आली: 'क्षिप्राचे कान', कनेक्टेड. खाली बॅटरी, नऊ टक्के.

"हे नाव तिनेच दिलेलं दिसतंय," आठल्ये म्हणाले. ते कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. बॅटरी आठ टक्क्यांवर आली. "म्हणजे उजवा कान उघडा होता. म्हणजे ऐकू आलं असणार तिला." ते हसल्यासारखे झाले, आणि मग चेहरा तसाच राहिला. "पण मग ती बाजूला का नाही झाली हो?"

हा प्रश्न त्यांनी धोंडीरामला विचारला नव्हता. कुणालाच विचारला नव्हता. धोंडीराम गप्प बसला असता तरी चाललं असतं. गप्प बसायची त्याला सवय झाली होती. पण तेवीस दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते काय आहे हे कळायच्या आत तो बोलून गेला.

"मी हाक मारली हुती साहेब. हे द्यायला. हे माझ्या हातात हुतं."

आठल्येंनी फोनवरून मान वर केली.

"क्षिप्रा, थांब गं पोरी, म्हणालो. मराठीतनं. ती रस्त्याच्या मधी हुती."

"आणि?"

"थांबली. हुती तिथंच थांबली, आन् वळून माझ्याकडं बघितलं. तवर टँकर आला." त्याने टोपी काढून हातात घेतली. "मी पोलिसास्नी सांगितलं न्हाई. तुमच्या मंडळींची कायबी चूक न्हाई. माझी हाय."

आठल्ये रागावतील, ओरडतील, कॉलर धरतील असं त्याला वाटलं. धरली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी रजिस्टर स्वतःकडे वळवलं, वस्तू मिळाली म्हणून पूर्ण नाव, तारीख घालून सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मग स्वतःचा फोन काढून घरी लावला.

"शुभदा? अगं, ऐक. तिच्या उजव्या कानात नव्हतं काही. हो, पक्कं. मी स्वतः बघितलं. कान उघडा होता." पलीकडून आवाज आला नाही. "इथे ते काका आहेत, सातारचे. त्यांनी हाक मारली ती तिला ऐकू आली होती. त्यांच्याशीच बोल."

धोंडीराम नको नको म्हणत होता, पण फोन त्याच्या हातात आला होता.

"बाई, मी धोंडीराम पाटोळे. गेटवरचा."

मग एक बसलेला, खरखरीत आवाज आला. "नावाने हाक मारलीत?"

"व्हय. नावानं."

"आणि ती थांबली?"

"थांबली बाई. लगीच थांबली."

चार वाजताची बस आली. सतबीरने फाटकासमोर हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला.

"लहानपणी रस्त्यात पळायची फार," शुभदा म्हणाली. "इथली ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. मी तिला शिकवलं होतं. हाक मारली की आहे तिथंच उभं राहायचं. एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही."

तिने फोन ठेवला नाही. बसमधली माणसं खिडक्यांतून डोकावून बघायला लागली, सतबीर खाली उतरून आला. धोंडीराम बोडक्या डोक्याने, फोन कानाला लावून उभा होता. पलीकडून फोन बंद होईपर्यंत त्याने फाटक उघडलं नाही.