डाव्या पायाचा मोजा

"मोज्याले हात लावू नको वं," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "सिस्टर पाहून राहिली."

मी हात मागे घेतला. पण वास आलाच होता. एप्रिलातल्या नागपुरात जाड मोजे घालून ते घरून निघाले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"कधी लागलं?"

"झाले असन पंधरा दिवस. गाडीचं स्टँड लागलं. खरचटलं जरासं."

"पंधरा दिवसांत भरलं नाही?"

"भरून राहिलं हळूहळू. तू गप राय."

बाबा छत्तीस वर्षं कळमेश्वरला वीज मंडळात लाइनमन होते. आतड्याचा कर्करोग यकृतात गेला होता. दर तीन आठवड्यांनी केमोबरोबर आणखी एक औषध शिरेतून देत. घरात आम्ही त्याला 'मोठी सुई' म्हणायचो. मागच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या, आणि तेव्हापासून बाबा सुईच्या आदल्या दिवशीच दाढी करून तयार असत.

हे औषध सुरू करताना डॉक्टर श्वेतांनी त्यांना नीट समजावलं होतं. कुठं लागलं की सूज येते. त्या सुजेतून शरीराला निरोप जातात, आणि निरोप मिळाला की नव्या रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून जखम भरते. गाठही तेच निरोप पाठवते, पण थांबत नाही. वाहिन्या तिच्याकडे वाढत राहतात आणि ती पोसली जाते.

"म्हणजे चोरीचा आकडा टाकला तिनं मेन लायनीवर," बाबा म्हणाले होते.

डॉक्टर हसल्या होत्या. "बरोबर. पण काका, चोरीचं कनेक्शन कोणतं अन् मीटरचं कोणतं, हे या औषधाला कळत नाही. ते निरोपच अडवतं. म्हणून कुठं लागलं, दात काढायचा असला, तर आधी मला सांगायचं."

बाबांना ते माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं. म्हणूनच त्यांनी मोजे घातले होते.

"बाबा, जखम चिघळली तर विष रक्तात जाईल."

"अन् सुई बंद केली त? ते गाठ वाट पाहत बसन काय माझी?" त्यांनी माझं मनगट धरलं. "सांगू नको, कामिनी."

डॉक्टर फाइल चाळत आल्या. "काय काका, लागलं-बिगलं नाही ना कुठं?"

"नाही, म्याडम. एकदम मस्त आहो." बाबांनी बाही कोपरावर चढवली. दीपमाला सिस्टरनं पिशवी स्टँडला लावली आणि ती शीर शोधू लागली. बाबा माझ्याकडे एकटक पाहत होते. सिस्टरला शीर सापडली. तिनं कापूस फिरवला.

"डॉक्टर, डावा मोजा काढून बघा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी खाली वाकून स्वतःच मोजा काढला. नडगीवरची जखम रुपयाएवढी होती. कडा पांढऱ्या, मध्ये पिवळट ओल. लाली कुठंच नव्हती; नव्या वाहिन्या फुटल्याच नव्हत्या.

"आज काहीच द्यायचं नाही," त्या सिस्टरला म्हणाल्या. पिशवी खाली उतरली.

जखम भरायला सात आठवडे लागले. तोवर मोठी सुई बंद होती, आणि तेवढ्या काळात गाठी वाढल्या. दिवाळीआधी बाबा गेले. त्या दिवशी मी गप्प राहिले असते तर काय झालं असतं, हे मी डॉक्टर श्वेतांना नंतर विचारलं. त्यांना सांगता आलं नाही.

त्या दिवशी पिशवी उतरल्यावर बाबांनी मोजा उचलून खिशात कोंबला. मग आईचा फोन आला. तिचा आवाज मला पलीकडूनही ऐकू येत होता. सुई का नाही दिली, जखमेचं कोणी सांगितलं, कामिनीनं का?

"तिले काहून बोलतं?" बाबा म्हणाले. "तिले मालूमच नव्हतं. मीच सांगतलं डॉक्टरीणबाईले, पायाले लागलं म्हणून."

फोन खांद्यानं कानाशी दाबून ते चढवलेली बाही खाली घेत होते. मनगटाचं बटण त्यांना एका हातानं लागत नव्हतं. मी पुढे झाले. त्यांनी हात माझ्याकडे केला आणि आईशी बोलत राहिले.