शेवाळातून आलेले दोन

भावजी बेडूक मुठीत धरून उभे होते आणि खुशीत हसत होते.

"वहिनी, हा बघा तुमचा पिवळा! काच काढताना सटकला होता. पण मी काय सोडतोय त्याला!"

तिची नजर बेडकावर गेलीच नाही. ती गेली भावजींच्या अंगठ्यावर. काच कापताना लागलं असावं. ओरखडा ताजा होता, रक्त अजून ओलं होतं.

"बादलीत सोडा त्याला. आणि तो हात कशालाही लावू नका."

"अहो, एवढासा तर आहे. बोटाएवढा."

"भावजी, सोडा म्हणते ना!"

तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली, तरी तिचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी बेडूक निमूट बादलीत सोडला. तिने वर झाकण ठेवलं आणि त्यांचा हात नळाच्या धारेखाली धरला.

प्राणिसंग्रहालयाचं हे नवं दालन उद्या उघडायचं होतं. जगभरचे बेडूक आणि पालीसारखे दिसणारे सॅलॅमँडर एका छपराखाली. धडधडणारं काळीज बाहेरून दिसावं इतका पारदर्शक बेडूक, पाठीच्या कातडीत पिल्लं वाढवणारी चपटी बेडकी, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा सॅलॅमँडर, अशी सगळी मंडळी तिच्या ताब्यात होती. सहकारी तिला बेडूकबाईच म्हणत. सकाळी पिवळ्यांच्या पेटीला तडा गेलेला दिसला, तेव्हा तिने काचेचं काम करणाऱ्या या धाकट्या दिराला हक्काने बोलावून घेतलं. हातमोजे घाला, हेही बजावलं होतं. काचेवर पकड बसेना म्हणून त्यांनी ते काढून ठेवले होते.

"विषारी आहे का?" भावजींनी विचारलं.

"रानातला असेल तर आहे. तिथल्या किडामुंगीतून ते विष त्यांच्या कातडीत उतरतं. पेटीत जन्मलेल्यांत ते नसतं."

"मग हे पेटीतले ना?"

"कागदावर तरी तसंच आहे."

तिने रुग्णवाहिका बोलावली आणि लगेच बेडूक पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याने पाठवलेल्या या पाच पिवळ्यांबद्दल तिचं मन पहिल्या दिवसापासून साशंक होतं. पेटीत वाढलेले बेडूक ज्यांवर पोसतात, त्या रातकिड्यांना त्यातले दोन तोंडही लावत नव्हते. तिने वरिष्ठांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, कागद चोख आहेत, उगाच खुसपटं काढू नका.

"बाई, दाखले पाठवलेत की," व्यापारी म्हणाला. "वाचले नाहीत का?"

"दाखले राहू द्या. माझ्या दिराच्या जखमेला तो बेडूक लागलाय. डॉक्टरांना काय सांगू? खरं बोला."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"त्यांना काही झालं तर पोलिसांकडे पहिलं नाव तुमचंच जाईल," ती म्हणाली.

"दोन रानातले आहेत," तो शेवटी पुटपुटला. "ऑर्डर पुरी करायची होती."

"कोणते दोन?"

"ते मला कसं कळणार? सगळे सारखेच दिसतात."

"पॅकिंग वेगळं होतं का?"

"हां... ते दोन शेवाळात होते. बाकीचे स्पंजवर."

तिने टेबलावरची वही ओढली. कोण कशातून आला, कोणाची खूण काय, हे तिने आल्या दिवशीच टिपून ठेवलं होतं. शेवाळातला पहिला: उजव्या डोळ्यामागे करडा डाग. दुसरा: डाव्या पायाचं एक बोट अर्धं. नव्या हातमोज्यांची जोडी चढवून तिने बादलीचं झाकण किलकिलं केलं. बेडूक कडेला चिकटून बसला होता. पिवळाधमक, देखणा. डोळ्यामागे डाग नव्हता. क्षणभर तिच्या जिवात जीव आला. मग त्याने डावा पाय पुढे टाकला.

बोट अर्धं होतं.

"वहिनी," मागून भावजी म्हणाले, "ओठांना मुंग्या येतायत."

रुग्णवाहिकेत ती सबंध वाट रुग्णालयाशी फोनवर बोलत राहिली. "हृदयावर जाणारं विष आहे. उतारा नाही. मॉनिटर आणि शॉकचं यंत्र तयार ठेवा. आल्याबरोबर आत घ्या." दुसऱ्या हाताने तिने भावजींची नाडी धरली होती. नाडी मध्येच अडखळायची.

दारातच दोन डॉक्टर उभे होते. आत नेल्यावर सात मिनिटांनी भावजींच्या हृदयाचे ठोके बिघडले. दोनदा शॉक द्यावा लागला. यंत्र आधीच जोडलेलं होतं म्हणून निभावलं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. शिवाय जखम उथळ, हात लगेच धुतलेला. विष थोडंच गेलं असावं.

संध्याकाळी भावजींनी डोळे उघडले. "काच बसवायची राहिली," ते म्हणाले.

"गप्प पडा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

वरिष्ठांचा फोन आला, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती. उद्घाटन उद्याच आहे, झाला प्रकार तूर्त आपल्यातच ठेवू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मी वनखात्याला कळवलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी ते पंचनाम्याला येतील. तोवर दालनाला कुलूप आहे, आणि किल्ली माझ्याकडे आहे."