पस्तिशीतला चेहरा

तिनं माउस घट्ट धरला आणि पडद्यावरच्या फोटोत मुलाच्या काळ्याभोर केसांवर पहिली पांढरी रेघ ओढली. रेघ कसली, चुन्याचा फराटाच! लेकीनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आई, आधी नवीन लेअर घे, मूळ फोटोला हात लावू नकोस. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रंगवायचं, इतकं सोपं. सांगायला काय जातं?

पण करणं भाग होतं. पोरगा सतराव्या वर्षी घरातून गेला तो गेलाच. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, जुना फोटो छापून उपयोग नाही, तो आता पस्तिशीला आला असेल, तसा दिसणारा द्या. पस्तिशीतला मुलगा हिनं कुठं पाहिला होता?

मग रस्त्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली माणसं आठवत तिनं त्याच्या डोळ्यांखाली काळं भरलं. गाल आत ओढले. एकेक सुरकुती घालायची आणि मनगटानं डोळे पुसायचे, असं चाललं होतं.

मागे नवरा कात्र्यांना तेल देत बसला होता. लोकांचे केस कापण्यात हयात गेलेली. पोरगा गेला त्या दिवशी त्याच्यावर हात उगारला होता तो यानंच. नंतर घरात त्याचा विषय निघाला की हा उठून बाहेर जायचा. तो आपल्याला मेला, असं एकदा म्हणाला होता. तिनं ते अजून माफ केलं नव्हतं.

आताही तो उठला. जा बाबा, जा, ती मनात म्हणाली. पण तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"केस पांढरे नको करूस. कपाळ मागे ने. माझं याच वयात गेलं होतं."

तिनं पांढरं पुसलं. कपाळाच्या कातडीचा तुकडा उचलून केसांच्या कडेवर बसवला. नीट जमलं नाही, तरी पडद्यावर बापाचा चेहरा डोकावू लागला.

ती सेव्ह करणार, तेवढ्यात त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"गाल भर थोडे. दोन वेळचं जेवत असेल गं तो."