अकरा दोन ते अकरा त्रेचाळीस

"हा कोण रे बाबा?" मीटरने स्क्रीनलाच विचारलं.

स्क्रीनवर एका नावासमोर चौऱ्याण्णवचा आकडा होता. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि अंक, कीबोर्डवरून मांजर चालून गेल्यासारखी. हॉस्पिटलच्या मुख्य सर्व्हरची शंभरातली चौऱ्याण्णव टक्के ताकद हा एकटा गिळत होता, आणि बाकीचे शे-सव्वाशे प्रोग्राम उरलेल्या सहा टक्क्यांत अंग चोरून बसले होते.

मीटर हे त्याला हॉस्पिटलने ठेवलेलं नाव. एकोणीस वर्षं तळघरातल्या थंडगार खोलीत बसून आकडे बघणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? जिन्यात भेटला की वॉर्डबॉय हाक मारायचे, "काय मीटर, किती झाले आज?" तोही न हसता सांगायचा, "बासष्ट." लोक हसायचे. बासष्ट म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, वरच्या चार मजल्यांवरचे रिपोर्ट, औषधं, बिलं सगळं सुरळीत चाललंय, हे समजून घ्यायची गरज कुणालाच नव्हती.

सर्व्हरला धाप लागते का हे बघणं, हे त्याचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे कुठल्याही प्रोग्रामने आपली पायरी सोडू नये, हे बघणं. औषधांच्या प्रोग्रामला औषधांच्या कपाटाची किल्ली, बिलांच्या प्रोग्रामला बिलांची. एकाची किल्ली दुसऱ्याला नाही. हे एकेक कुलूप त्याने स्वतः लावलं होतं. आणि हा नवा पाहुणा सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून घरभर फिरत होता.

मीटरने नोंदवही उघडली. सर्व्हरवर नवीन काही बसवायचं तर आधी तिथे नोंद हवी. नोंद नव्हती. साहेबांना फोन लावला, तीनदा. तिन्ही वेळा कट झाला आणि मेसेज आला, 'मीटिंगमध्ये.' गेल्या वर्षी दुसऱ्या एका हॉस्पिटलात असाच एक बिननावाचा पाहुणा शिरला होता. त्याने सगळ्या पेशंटचे कागद कुलपात घातले आणि लोकांना दारातून परत पाठवावं लागलं. तेव्हाच मीटरने नियम लिहिला होता आणि त्यावर साहेबांची सही घेतली होती : अनोळखी, नोंद नसलेला, सगळे अधिकार असलेला प्रोग्राम आधी थांबवायचा, मग चौकशी करायची.

अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याने तो थांबवला.

आकडा घसरला. एक्केचाळीस, चौतीस, एकतीस. मीटरने साहेबांना दोन ओळींचा मेल टाकला, चौकशीचा. एकेका विभागाला फोन करून विचारायला हवं होतं. त्याने चहा घेतला. चहा बरा लागला. चोर पकडल्यासारखं वाटत होतं त्याला.

फोन वाजला तेव्हा अकरा त्रेचाळीस झाले होते. लॅबमधल्या ताई ओरडत होत्या.

"मीटर, अहो धोक्याचे रिझल्ट वॉर्डात जात नाहीयेत! काय बंद केलंय तुम्ही?"

"कसले धोक्याचे?"

"अहो, कालपासून नवीन यंत्रणा आहे ना! रिझल्ट धोक्याचा आला की आपोआप वॉर्डातल्या स्क्रीनवर लाल होऊन जातो. आम्हाला सांगितलंय, आता फोन करत बसायचं नाही. पत्रक आलंय तसं."

"मला नाही आलं."

"तुम्हाला कोण पाठवणार?" त्या म्हणाल्या. ते टोमणा म्हणून म्हणाल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. "लवकर चालू करा हो. वॉर्ड तीनमधली बाई गेली. पोटॅशियम होतं तिचं, प्रचंड. अकरा पाचला रिझल्ट तयार होता माझ्याकडे. मला वाटलं, वॉर्डात गेला."

मीटरने प्रोग्राम चालू केला. एक्केचाळीस मिनिटांत एकच धोक्याचा रिझल्ट अडकला होता. तो आता निघाला आणि वॉर्ड तीनमधल्या सात नंबरच्या खाटेसाठी लाल होऊन उजळला. खाटेवर तेव्हा चादर ओढून झाली होती.

*

"बस," साहेब म्हणाले. नवीन यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आधीच बसला होता. त्याच्यासमोर पाण्याची बाटली होती, मीटरसमोर कागद.

"नोंद का नव्हती?" मीटरने विचारलं.

"तीन सह्या लागतात तुझ्या त्या नोंदीला. तीन दिवस जातात. वरून घाई होती, मी फोनवर हो म्हटलं."

नोंदीला तीन सह्या लागतात. माणूस मरायला एकही लागत नाही. हे मनातच ठेवून मीटर कंपनीच्या माणसाकडे वळला.

"आणि चौऱ्याण्णव टक्के?"

"पहिले दोन दिवस जुना सगळा डेटा चाळतो तो. मग शांत होतो. नॉर्मल आहे, सर."

"सगळे अधिकार देऊन?"

"तात्पुरते. सगळीकडे असंच करतात, सर. एकेक परवानगी मोजत बसलो तर काम कधी करायचं?"

"वाच," साहेब कागदावर बोट ठेवून म्हणाले. कागदावर होतं : सर्व्हरवर अचानक ताण आल्याने यंत्रणा काही काळ आपोआप बंद पडली. तांत्रिक अडचण. कुणाचाही दोष नाही.

"आपोआप नाही पडली. मी बंद केली."

"अरे, तुला वाचवतोय मी!" साहेब कळवळून म्हणाले. त्यात ते स्वतःलाही वाचवत होते, पण ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही. "अडीच वर्षं राहिली तुझी. या वयात तुला कोण ठेवून घेणार आहे? सही कर. आणि त्या सर्व्हरवरच्या नोंदी, कुणी काय कधी बंद केलं त्या. जुन्या झाल्या की उडतातच ना?"

"नव्वद दिवसांनी."

"मग आज नव्वदावा दिवस समज."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती पाळणाघरात काम करायची, दिवसभर लोकांची पोरं सांभाळून तिचा आवाज बसलेला असायचा. त्या बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "अहो, तुम्ही खरं बोललात तर ती बाई उठून बसणार आहे का?"

"नाही."

"मग? तुमचा साहेब छाती काढून फिरणार आणि हरिश्चंद्र तुम्ही एकटे! करा सही आणि जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सही केली. मग तळघरात उतरला आणि दोन ओळी पुसल्या. अकरा दोनची आणि अकरा त्रेचाळीसची. एकोणीस वर्षांत सर्व्हरवरची एकही नोंद त्याने खोटी पडू दिली नव्हती. पुसायला चार सेकंद लागले. सर्व्हरला काही फरक पडला नाही. आकडा बासष्ट होता.

*

चौथ्या दिवशी दुपारी तळघराच्या दारावर टकटक झाली. बाहेर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. हातात हॉस्पिटलची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बाईच्या चपला.

"रेकॉर्डच्या खिडकीवर म्हणाले, प्रिंट निघत नाहीये, खाली सिस्टीमवाल्यांना विचारा. माझ्या बायकोचे कागद पाहिजेत. वॉर्ड तीन, खाट सात."

मीटरचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

"बसा," तो म्हणाला. बाहेरच्या बाकावर दोघे बसले. मीटरने विचारलं, "काय करता आपण?"

"रंगारी. घरं रंगवतो." त्याने आपले हात उलटसुलट करून बघितले. "त्यानेच तर घात केला. शेजाऱ्यांचा फोन आला, बायकोला उलट्या होतायत, चक्कर येतेय. मी कामावर होतो. कोपरापर्यंत ऑइलपेंट. म्हटलं, असल्या हातांनी दवाखान्यात कसं जायचं? रॉकेल घेऊन हात धूत बसलो. शर्ट बदलला. वीस मिनिटं गेली साहेब. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचली असती."

"असं म्हणाले?"

"हो. मुलगी शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. काल एकदाच बोलली. म्हणाली, तुम्ही हात धूत बसलात." रंगाऱ्याने पिशवी मांडीवर सरकवली. "खरंच आहे तिचं. हात काय, नंतरही धुता आले असते."

वर डॉक्टर होते, साहेब होते, कंपनी होती, पत्रक काढणारे होते. एवढ्या सगळ्यांचं मिळून जे पाप होतं ते गडगडत खाली आलं होतं आणि ज्याला पोटॅशियम हा शब्दही ठाऊक नाही अशा माणसाच्या मांडीवर येऊन बसलं होतं. चपलांसकट.

"तुम्हाला उशीर झाला नव्हता," मीटर म्हणाला.

"आं?"

"तुम्ही आणलंत तेव्हा वेळ होता. तिच्या रक्तात एक गोष्ट फार वाढली होती. अकरा पाचला लॅबला कळलं होतं. ते वॉर्डात कळवणारा एक प्रोग्राम होता. तो मी बंद केला होता. चोर समजून. अकरा पस्तीसला तिचं हृदय थांबलं. मधे अर्धा तास होता. औषध वॉर्डातच होतं."

रंगारी त्याच्याकडे बघत राहिला. तो अंगावर येईल असं मीटरला वाटलं. यावं, असंही वाटलं.

"तुम्ही?"

"मी."

"वर तर म्हणाले, मशीन आपोआप बंद पडलं."

"तसं लिहून मीच दिलंय. खोटं आहे ते."

दाराआडून सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज येत होता. मग रंगाऱ्याने खालच्या मानेने विचारलं, "म्हणजे हात धुऊनही वेळ होता?"

"होता. अर्धा तास होता."

"हे जरा लिहून द्याल? तुमच्यावर केस करायला नको मला. केस करायला माझ्यात जीव कुठे राहिलाय! मुलीला दाखवायचंय. माझ्या तोंडचं तिला खरं वाटायचं नाही."

मीटर आत गेला. कोरा कागद सापडेना, शेवटी प्रिंटरमधून ओढून काढला. हाताने लिहायची सवय गेली होती, अक्षरं तिरकी पडत होती. तारीख लिहिली. अकरा वाजून दोन मिनिटांनी प्रोग्राम मी बंद केला. अकरा वाजून पाच मिनिटांनी रिझल्ट तयार. अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी प्रोग्राम मी चालू केला. पेशंटला आणायला उशीर झालेला नव्हता. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. हा कागद आज ना उद्या वर पोचणार, साहेबांच्या कागदाशेजारी ठेवला जाणार, आणि मग अडीच वर्षं काय, अडीच दिवसही राहणार नाहीत, हे त्याला लिहितानाच कळत होतं. सर्व्हरवरून पुसलेल्या दोन ओळी आता जगात फक्त या कागदावर होत्या.

रंगाऱ्याने एकेका शब्दाखाली बोट धरून कागद वाचला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. ती त्याने दोनदा वाचली.

"मुलगी हे वाचेल की नाही, कुणास ठाऊक," तो म्हणाला.

मीटरला वाटलं, आता तो कागद घडी करून खिशात घालेल आणि जाईल. पण रंगाऱ्याने कागद दोन्ही कडांना चिमटीत धरला, अक्षरांना कुठेही बोट लागू न देता, आणि तसाच बाकावर बसून राहिला, ओला रंग वाळायची वाट बघावी तसा.