फितीचा सांधा

खट्.

माझ्या लेकीला, भिंगरीला, दुपारचं थोपटून नुकतंच झोपवलं होतं, घर चिडीचूप होतं, आणि पलीकडच्या खोलीत बाबांनी पेटीचं बटण दाबलं. मोटर गुणगुणली, जरा कण्हली आणि थांबली. बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. मग तेही थांबले.

पेटी म्हणजे बाबांचं जुनं इको मशीन. गिटारचा सूर आत गेला की टेपच्या फितीवर उतरतो, फीत फिरते, आणि क्षणाने तोच सूर जरा फिका होऊन परत येतो. बाबांनी उभा जन्म स्टुडिओत गिटार वाजवली ती हिच्याच सोबतीने. आई तिला सवत म्हणायची. लाडात असली तरी आणि रागात असली तरी.

वर्षभरात बाबांचं विसरणं वाढत गेलं होतं. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग दादा. माझा नंबर लागणार हे दिसत होतं, मनाची तयारीही केली होती, पण त्यांनी पहिल्यांदा 'अहो बाई' म्हटलं तेव्हा ती तयारी कुठल्या कुठे गेली. फक्त दुपारी, पेटीबरोबर वाजवून झालं की त्यांच्या नजरेत काहीतरी जागेवर यायचं. "ठकू, चहा टाकतेस?" म्हणायचे. तो चहा निवेपर्यंत मी त्यांची मुलगी असायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडून पाहिली आणि तशीच मिटली. मोटर जळलेली, फितीवरचा आवाज उचलणारे हेड झिजलेले, फितीला हात लावला तर बोटांना तपकिरी भुकटी. ताई, आता हिला आराम द्या, म्हणाला.

दादाने मात्र धीर दिला. तो रेकॉर्डिंगचं काम करतो. तळहाताएवढ्या डिजिटल पेडलमध्ये हल्ली असली दहा मशीन मावतात, असं त्याचं म्हणणं. पेटी धडधाकट असताना त्याने तिचा आवाज टिपून ठेवला होता. त्यावरून पेडलमध्ये हुबेहूब तोच आवाज बसवायचा, पेडल पेटीच्या पोटात दडवायचं, बाहेरून तेच बटण, तोच लाल दिवा. सुट्टीचा अख्खा दिवस तो मान मोडून बसला. मग मला डोळे मिटायला लावून जुन्या पेटीचं रेकॉर्डिंग आणि नवं पेडल आलटूनपालटून ऐकवलं. मला ओळखता येईना. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांचे कान असेच असतात, असं त्याने चिडवलं, आणि मी आनंदाने चिडवून घेतलं.

दुपारी बाबांनी बटण दाबलं. दिवा लागला. त्यांनी एक सूर छेडला, तो परत आला, तसाच मऊ. बाबांनी मान डोलावली. दादाने मला कोपराने ढोसलं.

आणि मग बाबा थांबले. हात तारांवर अधांतरी. सूर विरून गेला. त्यांनी पुन्हा तोच छेडला आणि पुन्हा थांबले. पाहुणा दारापर्यंत यावा आणि उंबरा काही ओलांडू नये, तसे खोळंबून राहिले. कितीतरी वेळ. हात काही खाली घेईनात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फितीचं वेटोळं बाबा स्वतःच्या हाताने जोडायचे. दर फेरीला तो सांधा हेडवरून सरकला की सूर किंचित अडखळायचा, आणि त्या अडखळण्यावर बाबा पुढची ओळ उचलायचे. लहानपणापासून ते माझ्या कानावर पडत होतं. कधी लक्ष देऊन ऐकलं मात्र नव्हतं.

दादाला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला.

"तो अडखळा मी काढून टाकला गं. एकेक शोधून साफ केला. मला वाटलं, बाबांना स्वच्छ देऊ."

ही चूक साउंडवाल्याशिवाय कुणाला सुचणार नाही, आणि इतक्या मायेने तर नाहीच. रागावायलाही जागा नव्हती.

त्याने अडखळा परत घातला. दुसऱ्या दुपारी सूर अडखळला आणि बाबांनी ओळ उचलली. पुढच्या फेरीलाही उचलली. माझे पाय आपसूक स्वयंपाकघराकडे वळले, चहाचं आधण ठेवलं. साखर घालते तोच गिटार थांबली.

बाबा पेटीकडे बघत होते. पत्ता चुकून आपल्याकडे आलेल्या माणसाकडे बघावं, तसे. अगदी सौजन्याने.

"छान साथ करतात हे," ते म्हणाले. "पण फार वेळेवर येतात. आमचे नव्हेत."

त्यांनी बटण बंद केलं आणि गिटार खोळीत ठेवली. मी चहा नेला तर ते अर्धवट उठून उभे राहिले. "अहो बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

त्यानंतर दादाने तो अडखळा कधी अलीकडे सरकवला, कधी पलीकडे, कधी मुद्दाम बेशिस्त केला. बाबा पुन्हा पेटीजवळ गेले नाहीत. आज दादा जमिनीवर पेटी उघडून बसला होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता: तसली मोटर लागेल, तसले हेड लागतील, तसली फीत आता कुणी बनवतं का बघायला हवं. बाबा खिडकीशी बसून आम्हा सगळ्यांकडे परक्या घरात बसल्यासारखे अवघडून बघत होते.

भिंगरी माझ्या मांडीवर होती. तिने मामाचं सगळं लक्ष देऊन ऐकलं, मग आजोबांकडे पाहिलं, मग माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"आई, आजोबांना तू ओळखू यायला काय लागतं?"