अक्षतांचे तांदूळ

कापडी पिशवीतून ओट्यावर निसटलेला एक दाणा, किंचित सोनेरी, प्रमोदिनीने बोटावर टिपला, सवयीने जिभेवर ठेवला आणि तेवढ्यात सोबतच्या कार्डावर तिची नजर गेली... साउथ कॅरोलायना. मूळच्या तेरा वसाहतींपैकी एक. राजधानी कोलंबिया, राज्यवृक्ष पामेटो. भात आणि नीळ यांवर उभी राहिलेली वैभवशाली परंपरा – आणि तसल्याच एका देखण्या मळ्यावर यशोधनचं लग्न. तांदूळ तिथलेच, अक्षतांसाठी. खाली फोटो : विटांच्या बुटक्या खोल्यांची रांग, पाहुण्यांच्या मुक्कामासाठी.

गुलामांच्या खोल्या. तिने दाणा सिंकमध्ये थुंकला.

चार्ल्सटनच्या बंदरात उतरवलेली माणसं. भात लावायचं कसब आफ्रिकेतून हातात घेऊन आलेली, म्हणून लिलावात जास्तच हवीशी... आणि बायका. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या प्रमोदिनीला त्या खोल्यांत बायकाच दिसत राहिल्या – ज्यांचं मूल पहिल्या रडण्याआधीच दुसऱ्याच्या मालकीचं असायचं. तिथे आता नवरी नटणार!

तिने मुलाला, इथेच वाढलेल्या यशोधनला, फोन लावला.

"आई, इट्स जस्ट अ व्हेन्यू. आणि ती इतिहास किती जुनी आहे!"

"जुना झाला म्हणून धुतला जातो का रे? किळस येते मला."

तो म्हणाला, "आणि ती कराडची बाई? तूच सांगायचीस, फनी स्टोरी म्हणून. तिला तू चहा वरून ओतायचीस."

चंदाबाई. कराडच्या माहेरी गोठा झाडायला येणारी. कोनाड्यातला कान तुटलेला कप तिने स्वतःच काढायचा, स्वतःच विसळायचा, पुढे धरायचा – आणि आठ वर्षांची प्रमोदिनी परकर सावरून, उंचावरून धार सोडायची, शिवू नये म्हणून, एक थेंबही न सांडता. काय नेम आहे पोरीचा, सगळे म्हणायचे. चंदाबाईसुद्धा हसायची... हसायची ना? इथल्या किती जेवणांत तिने हे हातवारे करून सांगितलं होतं, आणि माणसं पोट धरून हसली होती. चंदाबाईचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. नुसता कप. नुसती धार.

"आई? यू देअर?"

तिने फोन ठेवला.

"मग, तिकिटं काढू ना?" बाहेरच्या खोलीतून यतीनने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. "सीट्स भरत चालल्यात."

'नाही' हे तिने कार्ड वाचतानाच ठरवून टाकलं होतं. तो शब्द आता ओठांपर्यंत आला, आणि तिथेच, त्या धारेच्या आठवणीने, तिला तो कसासाच लागला – कुणीतरी आधीच चघळून ठेवल्यासारखा, उष्टा...