मेलेल्यांची खोली

"काकू, गोळी चालवायला सांगितली होती, वाट द्यायला नव्हे!" सुभेदारानं कपाळावर हात मारला.

खेळाच्या पडद्यावर समोरून शत्रूचा शिपाई धावत आला होता आणि काकूंनी सवयीनं आपला शिपाई अंग चोरून भिंतीशी उभा केला होता. शत्रूनं पळता पळता त्यांना टिपलं. पडदा लाल झाला, आणि पुढच्याच क्षणी काकूंचा शिपाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठणठणीत उभा.

"पुन्हा जन्मले वाटतं," काकू म्हणाल्या.

रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात काकूंचे यजमान होते. संध्याकाळी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी काही हातचं राखलं नव्हतं. वाचतील किंवा टेबलावरच जातील, असं तोंडावर सांगितलं होतं. यजमान सकाळपासून एकच विचारत होते, "त्याचा आवाज आला का?"

तो म्हणजे मुलगा. चांगली नोकरी सोडून दिवसभर खेळत बसतो म्हणून बापानं घराबाहेर काढलेला. त्यानं फोनचा नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. त्याच्या बहिणीनं एवढंच शोधून काढलं होतं, की तो या लढाईच्या खेळात 'काजेबटण' या नावानं खेळतो. काकू ब्लाउज शिवायच्या, आणि लहानपणी काजेबटण करायला तोच बसायचा. नाव ऐकून काकूंना वाटलं, पोरानं घर टाकलं आणि आईचा धंदा तेवढा सोबत नेला.

म्हणून मुलीला वडिलांजवळ बसवून काकू रस्ता ओलांडून या गेमवाल्याच्या दुकानात आल्या होत्या. दुकानदार जन्मात सैन्यात गेला नव्हता, पण सगळे त्याला सुभेदार म्हणत. पोट सुटलेलं, नाकावर चष्मा, माणूस मोठा मायेचा. काकूंनी सगळं सांगितल्यावर त्यानं खुर्चीवर उशी ठेवली, त्यांना कानांवर हेडफोन घालायला दिला, आणि स्वतः शेजारच्या यंत्रावर बसला.

"आता नीट ऐका. या खेळाच्या चार तऱ्हा आहेत, त्यांना मोड म्हणतात. पहिली, सगळ्यांच्या विरोधात सगळे. कुणी कुणाचा नाही."

"भाऊबंदकी."

"हां. दुसरी डेथमॅच. दोन टोळ्या, मेलात की लगेच परत. ज्यांनी जास्त मारले ते जिंकले. आत्ता खेळलात ती."

"चौऱ्याऐंशीचा फेरा."

"तिसरी डॉमिनेशन. मैदानात तीन ठाणी. जाऊन उभं राहिलं की ठाणं आपलं. दुसरा येऊन उभा राहिला की त्याचं."

"ही जमेल मला. मंगल कार्यालयात बसायला जागा धरण्यात आयुष्य गेलंय."

"आणि चौथी सर्च अँड डिस्ट्रॉय. एका टोळीकडे बॉम्ब. तो ठरल्या जागी लावायचा, दुसरीनं अडवायचं. यात जन्म एकच. मेलात की डाव संपेपर्यंत बसून राहायचं."

"आमचा कुठली खेळतो?"

"काजेबटण? फक्त चौथी."

काकूंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मग मेल्या, इतका वेळ मला दुसऱ्याच गल्लीत का फिरवलंस?"

"हात बसावा म्हणून हो काकू!"

आईच्या जिवाला यातलं काय कळणार होतं? पण कळत नव्हतं तेच कळून घ्यायला ती बसली होती. "चौथीत घाल," काकू म्हणाल्या. "समोर दिसला की हाक मारते."

"हाक पोचायची नाही. खेळताना आपल्या टोळीचंच ऐकू येतं. त्याच्या टोळीत त्याचे ठरलेले भिडू आहेत, तिथं आपल्याला शिरकाव नाही. आपण पडणार समोर, शत्रूत."

"मग निरोप लिही."

"अनोळखी निरोप त्यानं बंद करून ठेवलेत. पण एक वाट आहे. मेलेल्यांना दोन्हीकडचं ऐकू येतं. मेल्यावर टोळी राहत नाही, सगळे एकाच खोलीत. जिवंतांना त्यांचा आवाज जात नाही, पण आपापसात वाटेल ते बोलतात."

काकूंनी नकळत हात जोडले. "देवाघरी तरी वेगळं काय असणार?"

डाव सुरू झाला. काकू सगळ्यांत आधी मेल्या. त्यात त्यांना कष्ट पडले नाहीत. पडदा करडा झाला, वरून सगळं मैदान दिसू लागलं. हळूहळू एकेक मेलेला येऊ लागला, कुणी हसत, कुणी शिव्या देत. प्रत्येक नव्या आवाजाला काकू कान टवकारत. त्यांच्या पोराचा एकही नव्हता. खाली मैदानात 'काजेबटण' नाव डोक्यावर घेऊन एक शिपाई गोदामात शिरला, जिन्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसला, बॉम्ब लावला. त्याची टोळी जिंकली. डाव संपला, खोली रिकामी झाली.

दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यातही तेच. काकू मरत होत्या, वाट पाहत होत्या, तो येत नव्हता.

फोन वाजला. मुलगी होती. "आई, बाबांना हिरवे कपडे घातलेत. स्ट्रेचर आणायला गेलेत. तुझं कुठवर आलं?"

"काय सांगू बाई! अजून मेला नाही गं तो!"

दुकानातली दोन-चार डोकी वळली. काकूंनी जीभ चावली. पोटच्या पोराबद्दल हे काय निघालं तोंडातून? देवा, तथास्तु म्हणू नकोस. पण शब्द निघून गेला होता, आणि त्यातला अर्थ आता कुठे त्यांच्या डोक्यात उतरत होता.

"सुभेदार, तो मरत का नाही?"

"कारण तो खेळण्यात बाप आहे हो. त्याला मारणारं कुणी नाही इथं."

"म्हणजे माझ्याशी बोलायचं तर त्याला कुणीतरी..."

सुभेदार चष्मा पुसू लागला. "मी प्रयत्न केला काकू. तिन्ही वेळा त्यानंच मला आडवा केला. एकच जागा आहे. बॉम्ब लावताना हात अडकलेले असतात, तेवढा वेळ बंदूक उचलता येत नाही. पण तिथं तो आधी कोपरान् कोपरा बघून घेतो."

"जिन्याखाली?"

"तिथं कुणी लपत नाही. तिथून दारच दिसत नाही."

"मला दार बघून करायचंय काय?" काकू म्हणाल्या. "मला तोच दिसला पाहिजे."

चौथ्या डावात सुभेदारानं त्यांना हाताला धरून नेल्यासारखं गोदामात नेलं, जिन्याखाली ढकललं आणि स्वतः बाहेर लांब जाऊन लपला. काकूंचा शिपाई भिंतीला नाक लावून उभा राहिला. त्याला वळवता वळवता काकूंना घाम फुटला. बाहेर गोळ्या वाजत होत्या. मग पावलं आली. काजेबटणानं दाराचा कोपरा बघितला, खिडकी बघितली, माळा बघितला, आणि जिन्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसला.

काकूंच्या समोर पोराची पाठ होती. कागदी बाहुलीसारखी, खोटी, पण नाव त्याचंच. बोट बटणावर होतं आणि दाबवत नव्हतं.

"काकू, उठेल तो!"

"माझ्या हातानं रे?"

"तुमच्याच हातानं! बाबांना न्यायला आलेत ना?"

काकूंनी डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. सोडलंच नाही. बंदूक रिकामी झाली तरी बोट तिथंच. डोळे उघडले तेव्हा तो पडला होता.

"आता तुम्ही मरा! पळा बाहेर, उघड्यावर!"

काकू धावल्या. बाहेर त्याच्या भिडूनं त्यांना लगेच पाडलं. करडा पडदा. खोली.

"कोण रे तो जिन्याखालचा?" आवाज आला. थोडा जाड झालेला, पण तोच. "अख्खी बंदूक रिकामी करतं का कुणी? अडाणी कुठला!"

"मी आहे," काकू म्हणाल्या.

मग कुणीतरी फिसकन हसलं. "ए, कुणाची तरी आई आली रे! डबा विसरला वाटतं कुणी!"

"गप बसा जरा बाबांनो, तुमच्या पाया पडते. ऐकतोयस ना रे? तुझ्या बाबांना आपल्या नेहमीच्या हॉस्पिटलात आत्ता ऑपरेशनला नेतायत. काळीज उघडणार आहेत. परत येतील की नाही, डॉक्टरलाही ठाऊक नाही. सकाळपासून तुझा आवाज आला का म्हणून विचारतायत. रागावलेला असशील तर खुशाल रागाव. पण एकदा हाक—"

डाव संपला. सगळे जिवंत झाले, आणि समोरच्या टोळीचं ऐकू येणं बंद झालं. काकू रिकाम्या हेडफोनमध्ये दोनदा ओरडल्या. पोरगं पलीकडे शत्रूत होतं.

"काकू, बघा," सुभेदार हळूच म्हणाला.

मैदानाच्या मधोमध, जिथं चारी बाजूंनी गोळी लागते, तिथं काजेबटण येऊन उभा राहिला होता. बंदूक खाली. कुणीतरी त्याला टिपलं. तो हललाही नाही, पडला.

"तो गेला खोलीत! मला मारा कुणीतरी!" काकू शिपायाला घेऊन उघड्यावर धावल्या. समोरून त्याचे दोन भिडू आले, थबकले, आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली. खोलीतलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्यांना काकूंची कीव आली होती.

"अरे मेल्यांनो, मारा ना!" काकूंचा आवाज फाटला. "आत्ताच कुठून माणुसकी सुचली तुम्हांला?"

"टाकीवर चढा काकू. उडी मारा. मी शेवटपर्यंत जिवंत राहतो, डाव संपू देत नाही."

शिडी चढायला किती वेळ लागला हे काकूंना कळलं नाही. त्या वरून पडल्या.

"आई," खोलीत आवाज आला.

काकूंनी हेडफोनची एक बाजू कानावरून ओढली आणि मुलीला फोन लावून तो त्यावर दाबून धरला. "पोरी, फोन बाबांच्या कानाशी धर! आत्ता!"

"आई, ऑपरेशनच्या दाराशी आलोय, फोन आत नेऊ देत नाहीत."

"दाराबाहेर धर! बोल रे, बोल, ते ऐकतायत!"

"बाबा," तो म्हणाला. मग एकदम, "बाबा, मी आहे. मी येतोय. घाबरू नका. मी आत्ता निघतोच." खोलीतले बाकीचे मेलेले गुपचूप होते. पडद्यावर सुभेदाराचा शिपाई एका पिंपामागे अंग दुमडून बसला होता, आणि त्याला शोधायला कुणीही जात नव्हतं.

फोनमधून मुलीचा आवाज आला, अगदी बारीक. "आई, दार लागलं."

"ऐकलं त्यांनी?"

"माहीत नाही गं. डोळे मिटलेले होते. पण माझं बोट इतकं घट्ट धरलं, की नर्सनं सोडवलं."

"आई?" हेडफोनमधून तो विचारत होता. "बाबा ऐकतायत ना? काही बोलले?"

काकूंनी फोन तसाच हेडफोनला दाबून धरला. पलीकडे बंद दारासमोर मुलगी रडत होती.

"बोट घट्ट धरलंय त्यांनी," काकू म्हणाल्या. "तू बोलत राहा, राजा. थांबू नकोस."